सहाव्या चौकटीतली सासू

"पानी तं पाजानं व्हतं अक्का, त्या मुराळ्याले!"

भडगावात, पिठाच्या गिरणीवर, रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर आमच्या गल्लीतली एक बाई माझ्या सासूला हे म्हणाली आणि बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. मुराळी म्हणजे आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, सणाला सासरी असलेल्या बहिणीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. पण ती बाई बोलत होती तो मुराळी कागदावरचा. जळगावच्या एका साप्ताहिकात दर शुक्रवारी सहा चौकटींची चित्रकथा यायची. तिच्यातला तो भाऊ कितीतरी आठवडे सासूच्या दारात उन्हात उभा होता आणि सासू त्याला घोटभर पाणी देत नव्हती. ती चित्रकथा लिहिणारी मी. ज्वारीचा डबा कडेवर घेऊन सासूच्या मागेच उभी होते.

माझ्या सासूला सगळं गाव अक्काच म्हणायचं. त्यांनी माझ्याकडचा डबा घेऊन पुढे सरकवला, "जाडं दळजो भाऊ" म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मी एरवी ऐकून घेणारी बाई नाही. ज्या शाळेत शिकवते तिथल्या हेडमास्तरांशी भांडलेली, एसटीच्या कंडक्टरला खाली उतरवून जाब विचारलेली. त्या दिवशी मात्र मी गिरणीच्या पट्ट्याकडे बघत राहिले. उत्तर द्यायचं तर काय देणार, घोळ सगळा माझाच होता. घरी येताना मी त्यांच्या मागे मागे चालले, बरोबरीने चालायची हिंमत झाली नाही.

मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हालाही वाटेल की म्हातारी तशीच होती.

माझं माहेर पिंपळनेरचं. लग्नानंतरची पहिली आखाजी मुलीने माहेरी करायची, हे आमच्या खानदेशात ब्रह्मदेवाने लिहून दिल्यासारखं. निंबाला झोके, आमरस, पुरणपोळ्या, सगळ्या मैत्रिणी एका ठिकाणी, आणि परत निघताना अंगावर नवं लुगडं. जी जात नाही तिला लोक विचारतात, "का व, कोणी नाही का तुला न्यायला?" मी तर आठवडाभर आधीपासून पिशवी भरून ठेवली होती. दादा आला, धुळ्याला गाडी बदलून, टळटळीत दुपारी. मी आत चुलीपाशी. नव्या सुनेने दारात धावत जायचं नाही. बाहेर त्याचं आणि अक्कांचं गव्हाणीपाशी काहीतरी हळू बोलणं झालं. मग अक्कांचा आवाज असा चढला की समोरच्या घरातली माणसं ओट्यावर आली.

"धाडाव नही! सांगी दे तुन्हा बापले! मन्ही सून मी धाडाव नही!"

दादा आल्या पावली परत गेला. पाणीसुद्धा न पिता. मी खिडकीतून त्याची पाठ तेवढी पाहिली. त्या दिवशी मनातल्या मनात अक्कांना जे जे म्हटलं त्यातलं एकही इथे लिहिता येण्यासारखं नाही. ती आखाजी मी भांडी आपटत काढली. पुढे बाकीच्या आखाज्यांना त्यांनी मला न मागता पाठवलं, पण माझ्या मनातली गाठ काही सुटली नव्हती. अक्कांनी भाकरी वाढली तरी मला ती कडू लागायची.

बऱ्याच वर्षांनी दादाला धुळ्याला नोकरी लागली. त्याच्याकडे गेले असताना मी नेहमीप्रमाणे सासूचं गाऱ्हाणं काढलं, आणि दादा एकदम म्हणाला, "बस झालं. त्या बाईला बोलू नको." मग त्याने सांगितलं. त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळलेले, घरात दाणा नव्हता, शेजारून पीठ आणून दिवस निघत होते. लेक आली तर तिला काय खायला घालायचं आणि जाताना काय नेसवायचं? तो मला न्यायला आलाच नव्हता. या वर्षी धाडू नका, हे सांगायला आला होता. गव्हाणीपाशी त्याने ते अक्कांना सांगितलं आणि तिथेच रडला. अक्का म्हणाल्या, तू काही बोलू नको. सासरच्या माणसांत पोरीच्या माहेरची अब्रू जायला नको. मीच नाही म्हणते. वाईट मी होते. "पाणी प्यायला थांबलो असतो तर तुझ्यासमोर फुटलो असतो," दादा म्हणाला, "म्हणून त्यांनी मला पिटाळलं. आणि तुला सांगायचं नाही म्हणून आईची शपथ घातली. आज मोडली मी."

धुळ्याहून भडगावला येईपर्यंत मी एसटीत डोळे पुसत होते. घरात शिरल्या शिरल्या अक्कांचे पाय धरायचे असं ठरवलेलं. शिरले. अक्का म्हणाल्या, "चहा मांड." मी चहा मांडला. झालं! आमच्याकडे सासूशी भांडता येतं, सासूला दुखलं-खुपलं विचारता येतं, पण तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत हे तोंडावर म्हणायची रीतच नाही. म्हणून मी गोष्ट लिहिली. एका दिवाळी अंकात छापून आली, अवघी चार पानं. नावं नव्हती, गाव नव्हतं. भडगावात तो अंक आमच्या घराखेरीज कुठे आला नाही. अक्कांना अक्षर येत नव्हतं. एकदा वाचून दाखवू म्हणून मी तो कपाटात ठेवला आणि ते 'एकदा' काही आलं नाही.

त्या गोष्टीत सासू दुष्ट होती ती जेमतेम पाऊण पान. ती भावाला हाकलते, सून रडते, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात गव्हाणीपाशी काय बोलणं झालं ते कळतं. वाचणाऱ्याला सासूचा राग यायला लागतो न लागतो तोच तो विरघळतो. हे मी मुद्दाम केलेलं नव्हतं. लिहिताना मलाच तिला जास्त वेळ वाईट म्हणवत नव्हतं.

पुढे जळगावच्या त्या साप्ताहिकाच्या संपादकांना ती गोष्ट कुठूनशी मिळाली. शेवटच्या पानासाठी त्यांना चित्रकथा हवी होती. "आपल्या मातीतली गोष्ट, ताई! आपली आखाजी!" मी फुगले. चित्रं काढणार होते जळगावचे एक पेंटर, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे बोर्ड रंगवणारे, स्वतःच्या कलेवर भलते खूश. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी जळगावला जायचे आणि आम्ही चौकटी पाडायला बसायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या वाक्यावर बोट ठेवलं.

"'भाऊ आला आणि दारातूनच परत गेला.' हे किती आठवडे ताई?"

"आठवडे? अहो, ते एक वाक्य आहे."

"वाक्य तुम्ही वाचून मोकळ्या होता. मला तो माणूस एसटीतून उतरवावा लागेल. उन्हातून चालवावा लागेल. ओटा, दार, दारात सासू, आत सून. एका चौकटीत माणूस एकच काम करतो, एकतर चालेल नाहीतर बोलेल."

वर सहापैकी पहिली चौकट मागच्या शुक्रवारची आठवण करून देण्यात जायची, कारण आठ दिवसांत लोक स्वतःच्या पोराच्या लग्नाची तिथी विसरतात, तर गोष्ट काय लक्षात ठेवणार! सहावी चौकट पुढच्या शुक्रवारसाठी राखायची. मधे उरल्या चार. त्या चारांत किती मावणार? 'वर्षं गेली' हे मी दोन शब्दांत लिहिलं होतं. पेंटर म्हणाले, वर्षं कशी काढू, भिंतीवर कॅलेंडरं टांगू का? 'सुनेच्या मनात गाठ बसली' वर तर ते नुसतेच हसले. हिशोब केला तेव्हा कळलं, दिवाळी अंकातलं पाऊण पान म्हणजे इथे दोन महिने.

तेव्हाच शहाणपण सुचायला हवं होतं. सुचलं होतंही. गव्हाणीपाशी झालेलं बोलणं आधीच दाखवून टाकू, म्हणजे सासू ओरडली तरी वाचणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. संपादक म्हणाले, "वेड्या की काय तुम्ही! सगळा जीव त्यात आहे. शेवटपर्यंत झाकून ठेवा." आणि खरं सांगायचं तर ते म्हणायच्या आतच मी तो विचार सोडला होता. झाकून ठेवण्यात मला मजा यायला लागली होती. वर्गात पोरं गणितं सोडवत असायची आणि मी फळ्याकडे बघत शेवटची चौकट शोधत असायचे. एका आठवड्याला सासूचा उगारलेला हात. एका आठवड्याला तिने ओढलेली दाराची कडी. एका आठवड्याला नुसते डोळे. त्या सहाव्या चौकटीसाठी लोक शुक्रवारच्या पहिल्या एसटीची वाट बघत, बंडल सोडायला उशीर झाला तर दुकानदारावर चिडत. मी भाजी घ्यायला गेले की ओळख दाखवत. मला ते आवडत होतं. आज लिहितानाही मान खाली जाते, पण आवडत होतं.

आता चेहऱ्याचं, ते सुरुवातीचंच. सासू सोडून बाकीची माणसं पेंटरांनी पटापट काढली. सासूचं तोंड सापडत नाही म्हणाले. मग एक दिवस ओटा, गव्हाण, दार कसं असतं ते बघायला ते भडगावला आमच्या घरी आले. अक्कांनी त्यांना चहा दिला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, "पोटभर जेव भाऊ" म्हणून आग्रह केला. जाताना पेंटर मला म्हणाले, "सापडली सासू!" मला वाटलं, कलाकारांचं काहीतरी बोलणं. अंक आला, मी शेवटचं पान उघडलं. कपाळावरचं आडवं कुंकू, हनुवटीवरचे गोंदणाचे ठिपके, जरासं बसकं नाक, रागावल्यावर पदराचं टोक दातात धरायची ती लकबसुद्धा. अक्का! साक्षात अक्का दारात उभ्या, हात उगारून.

मी पोस्टातून फोन लावला. पेंटरांना माझं ओरडणंच कळेना. "अहो ताई, शेवटी सासू देवमाणूस निघते ना? म्हणून तर त्या माउलीचं तोंड दिलं. मान दिला!" मी म्हटलं, तोंड बदला. ते म्हणाले, "आता बदललं तर लोक म्हणतील, सासऱ्याने दुसरी केली." हसण्यासारखंच होतं ते, मी फोन आपटला तरी मला कळत होतं की त्यांचं खरं आहे.

माझ्या चार पानांतलं एक अक्षर अक्कांना कधी कळलं नसतं. चित्र कळायला शाळा लागत नाही. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या, शेजारच्या बाईने अंक आणून मांडीवर टाकला आणि मजा बघायला उभी राहिली. अक्कांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"ही मी शे का?"

"नाही अक्का," मी म्हटलं, "गोष्टीतली सासू आहे ती."

"गोंदन तं मन्हं शे." मग पुन्हा बघून म्हणाल्या, "नाक बेस काढं."

शेजारीण गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. "थांबा अक्का, पुढे चांगलं आहे. पुढे ती सासू फार चांगली निघते."

"पुढे कव्हय?"

कधी? मी मनात शुक्रवार मोजले. अक्कांनी पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. दिवाळी अंक वाचणारा पान उलटून मोकळा झाला होता. अक्कांना मात्र त्या पाऊण पानात दोन महिने राहायचं होतं, रोज नळावर, रोज गिरणीवर, सगळ्या गावासमोर. हे माझ्या तोपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा होता आणि अवलक्षण त्यांचं झालं.

गावाची तोंडं कोण धरणार! आधी थट्टा होती. मग थट्टेचं हळूहळू खरं व्हायला लागलं. लोकांना पहिल्या आखाजीचा तो आरडाओरडा आठवला. समोरच्यांनी तर ऐकलाच होता. "म्हणजे सुनेने खरंच लिहिलंय!" माझ्याकडे बायका कीव करून बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. बरा काढला सूड, मास्तरीणबाई!" मी तिच्यावर कडाडले, सूड कसला, तुम्हाला काय माहीत! ती डोळा मिचकावून निघून गेली.

उन्हाळा लागला तशी बिबड्यांची, ज्वारीच्या पापडांची, वेळ आली. ज्वारीचा घाटा शिजवून गरम गरमच ओल्या धोतरावर थापावा लागतो. निवला की गेला. म्हणून गल्लीतल्या सगळ्याजणी एकमेकींकडे पहाटे जातात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. कुणी कुणाला नाही म्हणत नाही. अक्का तर दरवर्षी सगळ्यांच्या घरी पहिल्या पोचणाऱ्या. त्या वर्षीही गेल्या होत्या. आमच्या घराची पाळी आली तेव्हा घाटा रटरटत होता, धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, धोतर पसरलेलं, आणि जिना चढून कुणीच आलं नाही. एकीने पोराबरोबर निरोप पाठवला, अंगात कणकण आहे. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. अक्का आणि मी दोघींनीच थापायला घेतलं. हात भाजत होते. अर्ध्याहून जास्त घाटा पातेल्यात दगड झाला. अक्कांनी तो खरवडून बैलांपुढे टाकला. "बैल तरी खातीन," म्हणाल्या. मला ढसाढसा रडू आलं, आणि मी रडते म्हणून त्याच मला समजवायला लागल्या.

त्याच शनिवारी मी जळगावला गेले आणि सांगितलं, हा शुक्रवार शेवटचा. गव्हाणीपाशी काय बोलणं झालं ते एका अंकात उघड करा आणि संपवा. संपादक कपाळाला हात लावून बसले, "ताई, आता कुठे लोक पेटलेत!" पण माझा अवतार बघून पेंटरांनी कागद घेतला, पेन्सिलीने सहा चौकटी पाडल्या. आम्ही तिघांनी बघितल्या. पहिलीत सासू हाकलते आहे, तिसरीत तीच सासू देवी झाली आहे. कोणीही म्हणालं असतं, लेखिकेने घाबरून सारवासारव केली. वाईटपणा आम्ही आठवडेच्या आठवडे मुरवला होता. चांगुलपणा एका शुक्रवारी कोण खरा मानणार? त्याला मुरायला तितकेच शुक्रवार हवे होते आणि ते माझ्याजवळ नव्हते, कारण मधेच चाळीसगावचा निरोप आला.

माझ्या दिराला चाळीसगावची मुलगी बघितली होती. पसंती झालेली, सुपारी फुटायची तेवढी बाकी. मध्यस्थ येऊन म्हणाला, जरा थांबू म्हणताहेत. का, म्हणून विचारलं तर आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाला, मुलीची आई ते साप्ताहिक वाचते.

आता मात्र लाज गिळली. दिवाळी अंक कपाटातून काढला, अक्कांना समोर बसवलं आणि चारही पानं वाचून दाखवली. इतक्या वर्षांनी. गव्हाणीपाशीच्या बोलण्यापर्यंत आले आणि ओळीवर बोट ठेवलं. वर बघितलं. मला वाटलं होतं, त्यांचे डोळे भरून आले असतील. त्या संतापल्या होत्या.

"कोन सांगं तुले?"

"दादाने."

"शपथ घालेल व्हती मी त्याले!"

"अक्का, ऐका तरी. दोन-तीन आठवडे घेऊन हे नीट छापू. सगळ्यांना कळू दे तुम्ही काय केलंत. चाळीसगावलाही कळेल."

"आनि तुन्हा घरमा दाना नव्हता, हाई भी कळी ना?"

खरंच की! गोष्टीला जोवर चेहरा नव्हता तोवर ते माहेर कुणाचंही होतं. आता सासूचं तोंड अक्कांचं, म्हणजे सून मी, म्हणजे ते बिनदाण्याचं घर पिंपळनेरचं आमचं. माझी धाकटी बहीण अजून लग्नाची होती. अक्का एकेक बोट मोजत मला सांगत होत्या, मी काही शाळेत न गेलेलं पोर असल्यासारखं. "खराब सासू घरोघर ऱ्हास व पोरी. तिना पोरनं लगीन आज नही तं उद्या व्हई. उपाशी घरनी पोर कोन लेस?" वाईट सासूच्या पोराचं लग्न होतं, उपाशी घरच्या पोरीचं होत नाही, म्हणून जे मी झाकलं ते तू उघडं करणार नाहीस, म्हणाल्या. मी भांडले, मी त्या दिवशी त्यांच्याशी जेवढी भांडले तेवढी कधी भांडले नव्हते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या बाजूने भांडत होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग पदर खोचला आणि गोष्टीचा शेवट त्यांनीच सांगितला. सासूला रडव. भावाला परत बोलवू दे. चुकले म्हणू दे. सून माहेरी जाऊ दे. "येत्या शुक्रवारमा संपाड."

"अहो, पण ते खोटं आहे!"

"मंग? चित्र काय खरं ऱ्हास का?"

आणि काय सांगू, तो शेवट सहा चौकटींत नेमका बसला. सासू एकटी बसली आहे. डोळ्यांत पाणी. मुराळ्यामागे धावली. हात जोडले. त्याला तांब्याभर पाणी दिलं. सून एसटीत. एक शब्द कमी पडला नाही की जास्त झाला नाही. सुधारणारं माणूस काढायला सोपं असतं, त्याच्या गालावर दोन थेंब दाखवले की लोकांना पटतं. संपादक खूश, पेंटर खूश. कार्यालयात पोस्टकार्डं आली, रडलो म्हणून. माझ्या चार पानांना असं एकही आलं नव्हतं.

चाळीसगावची माणसं सुपारीला आली. ओसरीवर सतरंजी, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, अक्का भिंतीशी. मी आतल्या दाराशी पोह्यांच्या बशा घेऊन उभी. मुलीचे वडील सरळ माणूस होते, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळं ठरल्यावर ते हसत म्हणाले, "अक्का, एवढं एकच विचारतो. आमच्या पोरीला आखाजीला धाडाल ना?"

सगळी ओसरी हसली. माझं डोकं फिरलं. बशा खाली ठेवल्या आणि मी पुढे झाले, "मामा, ती गोष्ट खरी—"

"पानी आन व पोरी," अक्का म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. मग सगळ्यांच्या देखत, त्या वयात, त्यांनी त्या माणसापुढे हात जोडले. "धाडसू भाऊ. मांगे चुकनू मी. आते समज उनी."

मी तांब्या भरायला आत गेले. माठापाशी उभी राहून मी स्वतःला जे म्हणाले ते पहिल्या आखाजीला अक्कांना म्हटलं होतं तेच. बाहेर आले तर मुलीचे वडील माझी वाट बघत होते. "ताई, मानलं तुम्हाला," म्हणाले. "लिहून लिहून घरचं माणूस सुधारलंत." मंडळींनी माना डोलावल्या. अक्कांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि पेला भरून सगळ्यांत आधी त्यांना दिला.

दिराचं लग्न झालं. पुढे माझ्या बहिणीचंही झालं, चांगल्या घरी. तिच्या सासरी कुणी कधी विचारलं नाही की एके वर्षी तुमच्याकडे काय शिजत होतं. अक्का असेपर्यंत मी हे कुठे लिहिलं नाही. आताही इथे कुणाचं नाव घातलेलं नाही आणि गावंही थोडी इकडची तिकडे केली आहेत, त्यांनी बजावलं होतं म्हणून. भडगावात अजून त्या काळच्या दोन-चार म्हाताऱ्या आहेत. भेटल्या की हात धरून म्हणतात, "तुमच्यामुळे अक्का सुधरल्या हो, मास्तरीणबाई!"

मी हो म्हणते.